आवडीला पान लागलं

चंदनचा कार्डिओग्राम काढला तेव्हा मशीन बिघडलं असावं असंच आधी वाटलं.

महाडच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात तो ठेकेदाराकडे कामाला होता. आता कंपनी त्याला कायम करणार होती. त्याआधी रक्त, लघवी, डोळे, एक्स-रे असं सगळं तपासतात. ते सगळं चांगलं निघालं. कार्डिओग्राम काढणाऱ्याने मात्र पट्टी बघितली, छातीवरचे रबरी फुगे काढले, पुन्हा जेली लावली आणि दुसरी पट्टी काढली. ती पहिलीसारखीच आली.

"छातीत दुखतं का?" त्याने विचारलं.

"नाय."

"चक्कर येते? दम लागतो?"

"मी कुडपणचा हाय," चंदन म्हणाला. "पाठीवर तांदळाची गोण घेऊन डोंगर चढतो. दम तुम्हाला लागल."

हे त्याने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मीही हसलो. माझा मुलगा कधी आजारी पडलेला मला आठवत नाही. कंपनीने त्याला महाडमधल्या हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पुढच्या वेळी घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये, मला घरचं थोडं विचारायचं आहे. घरात मोठा म्हणजे मीच. चंदन एकुलता एक, आणि त्याची आई त्याआधीच्या कार्तिकात गेली.

ती कशी गेली ते आधी सांगायला हवं.

आवडीला दोन दिवस ताप होता. मी म्हटलं, आज गवताला वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, जाऊ नको. ती म्हणाली, "गवत तसंच ऱ्हायलं तर गुरं काय माझा ताप खातील?" आणि विळा घेऊन गेली. बरोबर शेजारची बनुकाकी होती. दुपारपर्यंत दोघींनी गवत कापलं, मग ऐनाच्या झाडाखाली भाकरी खायला बसल्या. आवडीने अर्धी खाल्ली, उरलेली फडक्यात बांधली आणि कुशीवर झाली. बनुकाकीला वाटलं, झोपली. थोड्या वेळाने घोरल्यासारखा आवाज आला. तो थांबला तेव्हा काकीने तिला हलवलं. ती उठली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा हैबतीनाना आमच्याबरोबर होते. वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस, साप-जनावराचं सगळं त्यांना विचारतात. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "पान लागलं." आमच्याकडे माणूस गेलेला असताना साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी आणि नानांनी तिचे पाय, पोटऱ्या, हाताची बोटं पाण्याने धुऊन बघितली. दात कुठे दिसले नाहीत. सूज नव्हती.

"मण्यारीचे दात दिसत नाय," नाना म्हणाले. "माणूस झोपतो तो उठतच नाय."

बनुकाकी म्हणाली, गवतात सळसळलं होतं खरं. कोणीच दुसरं काही म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. कार्तिकात, गवतात, धडधाकट बाई गेली, तर आमच्याकडे दुसरा विचार येत नाही. पान लागलेल्या माणसात जीव मागे राहतो असं मानतात, म्हणून तिला देवळाच्या ओसरीवर ठेवलं, अंगावर निंबाचा पाला घातला आणि दुसऱ्या सकाळपर्यंत वाट बघितली. पोलीस पाटील म्हणाले, पोलादपूरला सरकारी दवाखान्यात न्यायला हवं. नाना म्हणाले, "तिथं फाडतील तिला." ते कोणालाच नको होतं. सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवलं आणि वर गावातच अग्नी दिला.

एवढंच. घरात शेवटचं तिचं म्हणून ती अर्धी भाकरी आली होती. ती मी गाईला घातली.

डॉक्टरबाईंकडे जायच्या दिवशी चंदन पोलादपूरला मला घ्यायला आला. एसटीत त्याने मला बजावलं.

"बाबा, तिथं विचारतील तेवढंच बोला. तुम्ही सुरू झालात की म्हशीच्या आजीपर्यंत जाता."

"म्हशीची आजी चांगली दुधाळ व्हती," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

तो खूश होता. कायम झाला की गौतमीच्या घरचे तारीख काढणार होते. गौतमी पोलादपूरच्या अलीकडच्या गावातली, शिवणकाम करणारी, आवडीनेच पसंत केलेली मुलगी. वर्षश्राद्ध झालं की लग्न असं ठरलं होतं. तो खिडकीतून सावित्री नदीचं पात्र बघत होता आणि कंपनीच्या वसाहतीत खोली मिळाली तर कुठल्या बाजूची बरी, हे मला सांगत होता.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी पट्टी टेबलावर पसरली आणि आम्हाला दोघांना जवळ बोलावलं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "अशा पट्ट्या मी नेहमी बघते. पळणारी मुलं, डोंगरात राहणारी, बारीक अंगाची. हृदय उत्तम असतं आणि पट्टी वेडीवाकडी येते. मशीन ओरडतं आणि माणूस ठणठणीत असतो. याचे ठोके कमी आहेत, ते चढउतारामुळे. त्याचं काही नाही. ही इथली रेघ तेवढी बघा."

त्यांनी पेनाने दाखवलं. रेघ वर जाऊन मध्ये बसली होती आणि पुन्हा वर आली होती.

"खोगिरासारखी दिसते ना? हीसुद्धा बहुतेक लोकांत काहीच नसते. पण एखाद्यात असते. तो एखादा कोण, ते पट्टीवरून कळत नाही. घरावरून कळतं. तुमच्या घरात कोणी तरुण, चांगलं माणूस अचानक गेलंय का? झोपेत? अंगात ताप असताना?"

"नाय," चंदन म्हणाला. "आई वारली. पण तिला साप चावला."

"अरेरे. कुठला साप?"

"मण्यार."

"आमच्या या भागात फार आहे ती," बाई म्हणाल्या. "बरं. म्हणजे तुमच्या घरात तसं काही नाही."

त्यांनी कंपनीचा कागद पुढे ओढला आणि पेन त्यावर टेकवलं. चंदनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आनंदाने.

मी तो हात बघत होतो. अगदी तिचा हात होता. रुंद, बोटं आखूड, अंगठा बाहेर वळलेला. आणि मला बाईंनी विचारलेले शब्द सोडवेनात. झोपेत. अंगात ताप असताना. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं, "तिला ताप व्हता."

चंदनने हात काढला.

"दात पण दिसले नाय. मी सगळीकडं बघितलं. ती भाकरी खाऊन आडवी झाली आनि घोरली आनि गेली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पुष्कळ विचारलं. उलटी झाली का, डोळ्यांच्या पापण्या पडल्या होत्या का, बोलताना जीभ जड होती का. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. तिच्या माहेरी कोण कसं गेलं, तेही विचारलं. तिचा भाऊ मुंबईत झोपेतच गेला होता. तो दारू प्यायचा, म्हणून दारूने गेला असं आम्ही धरलं होतं.

"मण्यारही असू शकेल," बाई म्हणाल्या. "मण्यारीने माणूस असाच जातो, खूण राहत नाही. पण या दुसऱ्या कारणानेही असाच जातो. त्यांचा कधी कार्डिओग्राम काढला होता?"

"ती कधी दवाखान्यातच गेली नाय. चांगली व्हती."

"चंदनही चांगलाच आहे," बाई म्हणाल्या. "तीच तर अडचण आहे. आता मी सही करू शकत नाही. मुंबईला जाऊन एक तपासणी करा."

बाहेर आल्यावर चंदन डेपोपर्यंत माझ्यापुढे चालत राहिला. पोलादपूरची गाडी लागली तेव्हा तो फक्त एवढंच बोलला, "तुम्हाला कोनी विचारलं व्हतं?"

मुंबईला मोठ्या सरकारी इस्पितळात त्याला आडवं करून शिरेत औषध सोडलं आणि ते जाताना पट्टी काढत राहिले. तिथले शिकाऊ डॉक्टर गोळा झाले. एकाने दुसऱ्याला हाक मारून आणलं. पट्टी हातोहात फिरत होती आणि बाजारात चांगल्या खोंडाभोवती लोक जमतात तसे ते जमले होते. चंदन उघड्या छातीने वर बघत पडला होता. त्याची छाती बघून एकजण म्हणाला, "बॉडी काय आहे! जिमला जातोस का?"

"गवत कापतो," चंदन म्हणाला.

मोठ्या डॉक्टरांनी दुपारनंतर मला बोलावलं. त्यांनी सांगितलं की औषधाने रेघ थोडी बदलली, पण पुरती बदलली नाही. आहे म्हणता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. अशी रेघ घेऊन माणसं म्हातारी होतात. ताप चढू देऊ नका, चढला तर लगेच उतरवा. अमुक औषधं घेऊ नका, त्याचा कागद देतो. चक्कर येऊन पडला तर ताबडतोब आणा, मग छातीत मशीन बसवू.

"आनि पहिल्याच वेळी उठला नाय तर?" मी विचारलं.

त्यांनी औषधांच्या कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "आज त्याला मशीन बसवण्याइतकं आमच्या हातात काही नाही, काका. उगाच बसवलं तर त्याचाही त्रास असतो."

मी त्यांना दोष देत नाही. ते खरंच सांगत होते.

कारखान्यात ते कागद दिले. तिथल्या साहेबांनी ते वाचले आणि चंदनला सांगितलं की टाक्यांवर एकट्याने पाळी करावी लागते, आम्हाला धोका घेता येत नाही, तब्येत सांभाळ. ठेकेदाराचाही फोन यायचा बंद झाला. त्याच्याकडे काम करताना चंदन पडला तर त्याच्यावर येणार. चंदन वर कुडपणला आला.

गावात गोष्ट त्याच्याआधी पोचली होती. होळीच्या पुढे पोरं माळावर कबड्डी खेळतात. चंदन आमचा चढाईचा गडी. त्याला आता कोणी धरेना. तो चढाईला गेला की समोरचे हात वर करून मागे सरायचे.

"ए पट्टी, बस खाली," एकजण म्हणाला. "तू पडलास तर आम्ही जेलात."

सगळे हसले. चंदनही हसला आणि बाहेर येऊन बसला. नंतर तो माळावर गेला नाही. नाव मात्र राहिलं. पट्टी.

घरात तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. म्हैस व्याली, नांगराचा दांडा मोडला, एवढंच. नाचणीची लावणी चालू होती तेव्हा एकदा मी त्याला म्हटलं, जरा थांब, सावलीला बस. त्याने हातातली रोपं चिखलात टाकली.

"बाबा, आईला सापच चावला असता तर तुमचं काय गेलं असतं?"

मी वाकून चिखलातली रोपं गोळा करू लागलो.

"ती गेलीच ना? सापाने जावो नायतर कशाने. आता मी रोज उठतो आनि बघतो, उठलो का. आधी मी नुसता उठायचो."

त्यानंतर मलाही वाटू लागलं की साप असावा. माणूस आपल्या बायकोला साप चावला असावा म्हणून देवाला हात जोडतो, असं मी कधी ऐकलं नव्हतं. मी जोडले. श्रावणात आमच्या गुरांच्या वाड्यात दगडांखाली मण्यार निघाली, काळी, अंगावर पांढरे पट्टे. नानांनी ती काठीने मारली. मी ती उलटीसुलटी करून बघितली आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आहेत. आपल्या घराजवळच आहेत.

त्याच दिवशी मी बनुकाकीकडे गेलो. ती उंबऱ्यात बसून मशेरी लावत होती.

"काकी, खरं सांग. आवडी गेली तवा तू म्हणालीस, गवतात सळसळलं. काय बघितलंस?"

तिने बोट तोंडातून काढलं आणि थुंकली.

"आता ह्या दिवसांत काय काढलंस रे ते?"

"सांग ना."

"बघितलं काय मी? भाकरी खात व्हते. गवत वाऱ्याने पन सळसळतं."

"पन तू म्हणालीस."

"हैबती म्हणाला पान लागलं. मग मला पन वाटलं, सळसळलं असंल. तुला साप पायजे काय? व्हता म्हणून सांगते. काळा व्हता, पट्ट्यांचा. चंदनला पाठव हिकडं, त्याला पन सांगते."

"नको," मी म्हटलं.

"ती झोपताना हसली, एवढं मला याद हाय," काकी म्हणाली. "म्हणाली, काकी, अंग कसं हलकं वाटतंय, ताप गेला जनू. हे पन सांगू काय डॉक्टरला?"

घरी आलो. चंदन दारातच होता. मी कुठे गेलो होतो ते त्याला माहीत होतं.

"काय म्हणाली?"

मी पुन्हा खरं सांगितलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण त्याच्या तोंडाकडे बघून बोलता आलं नाही. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि महाडला गेला.

दसऱ्याच्या आसपास त्याचा फोन आला. दुसऱ्या एका कारखान्यात लागला होता. तिथेही छाती तपासली, तिथेही पट्टी तशीच आली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, खेळतोस का? तो म्हणाला, कबड्डी. घरात कोणी अचानक गेलं का? तो म्हणाला, नाही, आई साप चावून गेली. त्यांनी सही केली.

"मामाचं पन नाय सांगितलं," तो म्हणाला. "आनि बाबा, वर कोनी विचारायला आलं तर तुम्ही पन तेच सांगा. एवढं करा माझ्यासाठी."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

वर्षश्राद्ध झालं. आवडीचं पान वाढून कौलावर ठेवलं, कावळा लगेच शिवला. नाना म्हणाले, तिचं काही राहिलं नाही मागे. चार दिवसांनी गौतमीचे वडील वर आले. माझ्यापेक्षा लहान, साधा माणूस, मोटारसायकलवरून आलेला. ओसरीवर बसला. नाना तिथे सुपारी कातरत होते. मी चहा केला. त्याने कप हातात घेतला आणि तो तसाच धरून बसला.

"रामजीभाऊ, राग मानू नका," तो म्हणाला. "खाली लोक काहीबाही बोलतात. पट्टीचं वगैरे. पोरगी द्यायची म्हणून विचारतो. चंदनची आई नक्की कशाने गेली?"

मी गौतमीला बघितलं आहे. आवडी गेली त्या आठवड्यात ती आईबरोबर वर आली होती आणि न सांगता आमची भांडी घासून गेली होती. उद्या ती महाडच्या एखाद्या खोलीत सकाळी उठेल आणि बाजूला हात लावेल. हे मला सगळं दिसत होतं. आणि बाईंच्या टेबलावरचं ते पेनही दिसत होतं. त्या दिवशी मी खरं बोललो. त्याने चंदनच्या छातीतली रेघ सरळ झाली नाही. त्याचं काम गेलं, नाव गेलं, आणि तो माझ्यापासून गेला. औषध तर कोणी दिलंच नाही. औषध नाहीच.

"आवडीला पान लागलं," मी म्हटलं.

"मण्यार?"

"मण्यार."

"मी व्हतो तिथं," नाना सुपारीवरून मान वर न करता म्हणाले.

त्याने चहा पिऊन टाकला. तोंडावरचा ताण गेला त्याच्या. मग माघातली एक तारीख त्याने सांगितली आणि जाताना माझ्या पाया पडला. मी त्याला पडू दिलं.

तो गेल्यावर नाना म्हणाले, "बरं केलंस." मी कप विसळायला नेले.

आमच्याकडे फोनची रेंज फक्त सड्याच्या टोकाला, मोठ्या खडकावर येते. चंदनची पाळी सुटली की तो मिस्ड कॉल देतो. तेवढ्यासाठी मी रोज वर जातो. त्या दिवशीही गेलो. वाटेत तो ऐन लागतो. गवत या वर्षीही चांगलं आलं होतं, अर्धं कापलेलं, अर्धं उभं.

मिस्ड कॉल आला नाही, फोनच आला. मी तारीख सांगितली. तो खूप बोलला, कितीतरी महिन्यांनी. गौतमीसाठी शिलाई मशीन घ्यायचं, खोली बदलायची. बोलता बोलता खोकला.

"आवाज बसलाय तुझा," मी म्हटलं.

"काय नाय. कालपासून थोडी कणकण हाय."

"अंगात ताप हाय?"

"थोडा."

"कामावर जाऊ नको. डोक्यावर ओलं फडकं ठेव. तो कागद हाय ना तुझ्याकडं मुंबईचा? दवाखान्यात जा आत्ता, चंदन. त्यांना सांग—"

"काय सांगू?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बाबा, आपल्या घरात तसं काय नाय."

रेंज गेली. मी खडकावर फोन वर धरून, या बाजूला, त्या बाजूला फिरलो. एक काडीसुद्धा आली नाही. खाली घाटातून शेवटची गाडी पोलादपूरकडे उतरून गेली होती. मी तिथेच बसून राहिलो.